हाडं बघणारा पावणा

त्याला माणसाच्या तोंडाकडं बघायची सवयच नव्हती. कुणी समोर आलं की त्याची नजर आधी कमरेवर, मग गुडघ्यावर, मग टाचेवर. सगळं बघून झालं की मग कुठं विचारायचा, "कोन म्हनायचं आपुन?" ह्या सवयीपायी त्यानं मंचरच्या एसटी स्टँडवर एकदा मार खाल्ला. एक बाई पुढं चालली होती, हा तिच्या पाठीकडं बघत मागं मागं निघाला. बाईनं वळून हातातली पिशवी हाणली. पिशवीत नारळ होता. हा कपाळ चोळत म्हणाला, "बाई, मनका बघत व्हतो तुमचा. डाव्या अंगाला कलतोय." तिनं परत हाणली.

हे सगळं त्यानं स्वतःच आमच्या ओट्यावर येऊन सांगितलं. कपाळावर टेंगूळ तसंच होतं. वर म्हणाला, "खांदा मातर झकास हाय बाईचा." माझी बायको हसून हसून खाली बसली.

आता ती नाही. मागच्या माघात गेली. तोही ह्या पावसाळ्यात गेला. मी त्याच ओट्यावर बसतो, आणि माझ्या गुडघ्याकडं बघणारं कुणी राहिलं नाही.

तो मेंढरं राखणाऱ्या घरातला. पावसाळा सरला की त्यांचा कळप आमच्या अवसरीत यायचा, आमच्या रानात बसायचा. रातभर लेंड्या पडल्या की त्या रानाला दुसरं खत नको. तिथनं पुढं घोडेगाव, शिनोली करत कळप भीमाशंकरच्या अंगानं घाट उतरून कोकणात जायचा. पुढं त्याच्या पोरांनी मेंढरं विकली, चाकणला कंपनीत लागली. ह्याला पोरांच्या खोलीत करमेना. एक दिवस घोंगडी आणि काठी घेऊन आमच्या बांधाला आला, लिंबाखाली चार पत्रे उभे केले आणि राहिला तो राहिलाच. मी त्याला मरेपर्यंत पावणं म्हणालो. त्यालाही त्यात वावगं वाटलं नाही.

मेंढराचे पाय बसवता बसवता तो माणसांचे बसवायला लागला. त्याचं औषध एकच, कांडवेल. त्या लिंबावर त्यानं चढवलेला. चौकोनी, कांड्याकांड्यांचा, बोटाएवढा जाड वेल, पानं नावाला. लोक हाडसांधीपण म्हणतात. मोडल्यावर वरून लेप त्याचा, पोटातून वडी त्याची. कोवळी कांडी घ्यायची, शिरा काढायच्या, चिंचेच्या पाण्यात शिजवायची, तुपात परतायची आणि उडदाच्या पिठात मळायची. चिंच विसरली तर घशाला खाज सुटते. एवढं काय असतंय म्हणून मी एकदा कच्ची कांडी चावून बघितली. दुपारपर्यंत जीभ बाहेर काढून बसलो होतो. तो शेजारी उकिडवा बसून निवांत बघत होता. "भाऊ, जिबंला हाड नसतं," म्हणाला. "येल वाया घालवला तुमी."

त्याचं वैर होतं खुर्चीशी. खुर्चीनं माणसाची हाडं खाल्ली, हे त्याचं ठाम मत. लग्नाच्या मांडवात सगळे खुर्च्यांवर, हा खांबाला टेकून उभा. "हाड म्हंजी भिंत न्हाई भाऊ, रान हाय," म्हणायचा. "पडीक ठिवलं का कामातनं गेलं." हे ऐकायला बरं वाटायचं. पण त्याच्या तोंडातून निघालेलं सगळंच खरं असायचं असं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीची चाल बघून हा बोलला, "दिवाळीपतुर काठी धरनार." तो सेक्रेटरी अजून भीमाशंकरला चालत जातो. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाला, "त्येचं नशीब चांगलं हाय. हाडं न्हाईत."

बायकोच्या मनगटावरून तर मी त्याच्याशी भांडलोच होतो. ही गोठ्यात शेणावर घसरली, हातावर पडली. कांद्याची लागण चालू, मंचरला कोण नेतो, आणि हा समोरच उभा. त्यानं हात ओढला, अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ थापलं, बांबूच्या कामट्या लावून बांधला. हाड जुळलं. पण वाकडं जुळलं. मी तोंडावर सांगितलं, "पावणं, मेंढराचा पाय वाकडा चालतो, बाईच्या हाताला भाकरी थापायची असती." त्यानं मान खाली घातली.

हिनं मात्र त्याचं भांडवल केलं. पाहुणे आले की मनगट पुढं करायची. "ह्ये बघा, आमच्या दादांची कारागिरी." तिची भाकरी तेव्हापासून एका अंगाला जाड व्हायला लागली. तो जेवायला असला की जाड भाकरी बरोबर त्याच्याच ताटात.

"घ्या दादा. तुमच्याच हातची हाय."

तो मुकाट खायचा. खाऊन झाल्यावर म्हणायचा, "आक्का, हाड जुळलं का न्हाई?"

"जुळलं की."

"मंग झालं."

बाई कमी होत चालली हे मला तिच्या लुगड्यावरून कळलं. काठ जमिनीला घासायला लागला. मी म्हणालो, नेसायचं विसरली का काय. ती म्हणाली, "लुगडं वाढत नसतं. मीच कमी झाले." आणि निऱ्या आणखी वर खोचल्या. मग एक दिवस कांद्याची पाटी उचलताना पाठीत कट् झालं. आठ-पंधरा दिवस कूस बदलताना कण्हायची. आमची लेक जुन्नरला दिलेली आहे, ती आली आणि आईला मंचरच्या हाडाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. मीही गेलो. डॉक्टर बाई होती, तरणी. फोटो काढला, आणखी एका मशीनवर झोपवून हाडं मोजली. म्हणाली, "मणका चेपलाय, आजी. हाडं आतून विरळ झालीत. मणका सावकाश भरेल. मला काळजी खुब्याची आहे. ह्या हाडांनी पडलात तर खुबा मोडेल, आणि ह्या वयात मोडला की माणूस लवकर उठत नाही."

परत येताना जीपमध्ये ही गप्प. मला कारण ठाऊक होतं. हिची आई शिनोलीला अंगणात पडली आणि खुबा मोडला. मग मागच्या खोलीत, मरेपर्यंत, एका बाजेवर. ही इथनं एसटीनं जायची, आईला पुसायची, कूस बदलून द्यायची, पाठीच्या जखमा धुवायची. त्या खोलीचा वास हिच्या नाकातून कधी गेला नाही.

घराच्या दारात उतरल्यावर मला म्हणाली, "मला काय बी हूं द्या. मराण आलं तरी चालंल. पण आईवानी आडवी ठिवू नगा."

मी बरं म्हणालो.

डॉक्टरनं जेवणानंतर घ्यायच्या चुन्याच्या गोळ्या दिल्या, दुधातून घ्यायची पूड दिली, आणि एक मोठी गोळी, आठवड्यातून एकदा, सकाळी रिकाम्या पोटी. आता रिकाम्या पोटाचं औषध म्हटल्यावर हिनं त्याला सोमवार दिला. सोमवार तिचा भीमाशंकराचा उपास. तिचा हिशोब असा, की सकाळी तर सगळ्यांचंच पोट रिकामं असतं, खरं रिकामं पोट म्हणजे दिवसभराचा उपास. मला तर ते पटलंच, आमच्या आळीतल्या बायकांनाही पटलं. म्हणून दिवेलागणीला, उपास सोडायच्या आधी, देवापुढं बसून ती गोळी घ्यायची. तळहातावर पाणी घेऊन, तीर्थासारखी. तेवढ्याच घोटात गोळी. वर लगेच भगर आणि दूध. आणि उपासाचा शीण म्हणून आडवी.

पावण्याला गोळ्यांचं पाकीट दिसलं तेव्हा त्यानं उलटंपालटं करून बघितलं. "खडू हाय ह्यो," म्हणाला. "खडूनं फळा भरतो, हाड भरत न्हाई."

दोन-तीन सोमवार गेले आणि हिच्या छातीत जळजळ सुरू झाली. घास उतरेना. पाणी गिळतानासुद्धा डोळ्यात पाणी. तिनं गोळी कोनाड्यात टाकली. "नगं मला ती. पडायची तवा पडीन."

पावणा खूष. कुस्ती मारल्यासारखा. दुसऱ्या दिवशी वड्यांनी भरलेली दुरडी घेऊन आला. "खा आक्का. हिच्यात जळायबिळायचं काम न्हाई."

लेकीला फोनवर कळलं. तिनं मला असं झापलं की मी दुसऱ्याच दिवशी हिला परत मंचरला नेलं. पावणा न बोलावता जीपमध्ये चढला. धुवट धोतर नेसून, पटका बांधून आला होता, वादाला निघाल्यासारखा. डॉक्टरच्या खोलीत आम्ही दोघं खुर्चीवर, हा भिंतीला उभा.

"बाबा, बसा ना," डॉक्टर म्हणाली.

"माझं ऱ्हाऊ द्या. तुमीच जरा उभ्या ऱ्हावा, दिसभर बसून असता."

डॉक्टर हसली. मग हिला म्हणाली, "आजी, गोळी कशी घेता ते मला करून दाखवा."

हिनं दाखवलं. तळहात पुढं केला, पदर सारखा केला, मान मागं. "आन मंग भगर खाऊन पडते जरा."

डॉक्टरनं डोक्याला हात लावला. मग समजावून सांगितलं. सकाळी उठल्या उठल्या घ्यायची. मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर, उभ्यानं. पुढं अर्धा तास काही खायचं नाही, दूध तर नाहीच, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. आणि आडवं अजिबात व्हायचं नाही. पाणी कमी पडलं की गोळी नळीत अडकते, आडवं झालं की तिथं जखम करते. आधी ती जळजळ बरी करू, मग पुन्हा सुरू करू.

"न्हाई," ही म्हणाली. "मी ती गोळी घेनार न्हाई."

मग पावणा पुढं सरकला. "आन माझा येल?"

"कांडवेल? माझी आजी लेप लावायची त्याचा," डॉक्टर म्हणाली. ती ओळखील असं त्याला वाटलं नव्हतं. तो जरा ढिला पडला. "वड्या खाऊ दे त्यांना, बाबा. गोळी सकाळी, वड्या दुपारी. पण एवढी झीज झाल्यावर नुसत्या वेलाच्या भरवशावर मी त्यांचा खुबा सोडणार नाही. वेलाचा किती उपयोग होतो हे ह्या रोगात नीट तपासलेलं नाही. गोळीचं तपासलेलं आहे."

तो बराच वेळ हिच्या कमरेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आडवं झालं का नरड्यात ऱ्हाती, म्हनला न्हवं?"

"हो."

"म्हंजी मेंढरावानीच. दवा पाजली का मेंढरू बसू द्यायचं नसतं. बसलं का गेलं. हाकत ऱ्हायचं त्याला."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाली. "मग ह्यांनाही हाका."

"मी काय मेंढरू हाय व्हय?" ही म्हणाली.

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "मेंढरू ऐकतं."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. घरी येईपर्यंत नाही नाही म्हणत होती, पण मला कळलं, तिचं 'नाही' आता पातळ झालंय.

जळजळ थांबली, डॉक्टरनं हो म्हटलं, आणि त्यानंतरच्या सोमवारी उजाडता उजाडता तो दारात. हातात काठी. "उठा आक्का." तांब्याचा मोठा पेला त्यानं स्वतः काठोकाठ भरला आणि गोळी गेल्याची खात्री करायला हिच्या गळ्याकडं बघत उभा राहिला. पेला रिकामा होईपर्यंत डोळा हलवला नाही. मग म्हणाला, "चला."

तेव्हापासून दर सोमवारी हे दोघं निघायचे. पुढं ही, दोन पावलं मागं तो, काठी आडवी धरून, लंगडी मेंढी हाकावी तसा. कालव्याच्या कडेनं पुलापर्यंत आणि परत. त्याच्याकडं घड्याळ नव्हतं. अर्धा तास म्हणजे डेअरीची गाडी दूध घेऊन जाईपर्यंत, असं त्यानं ठरवलेलं. एका सोमवारी गाडी पंक्चर झाली. उन्हं वर आली, माझा चहा राहिला, तरी हा हिला अंगणात फिरवतोय.

"पावणं, बसू द्या आता तिला. तास उलटून गेला."

"गाडी आली का?"

"गाडी आज यायची न्हाई."

"मंग कसं बसू द्यायचं?"

ही चालता चालता म्हणाली, "दादा, मनगाट वाकडं केलं तवा एवढा नेम कुटं गेला व्हता?"

"तवा तुमी दावणीला ऱ्हात नव्हता."

मी ओट्यावर बसून ऐकायचो. त्यांचं बोलणं म्हणजे काय, तर काही नाही. कुठल्या घाटात कुठली मेंढी हरवली, कोकणातला भात कसा लागतो, कुणाची सून कशी चालते. ती आली की गाल लाल झालेले असायचे. उपास तिनं सोडला नव्हता, पण आता सकाळी आधी गोळी, मग देव. नाचणीची भाकरी, तीळ, दुपारी त्याच्या दोन वड्या, जेवल्यावर चुन्याची गोळी. पाट्या उचलायचं बंद केलं. डॉक्टर वर्षानं मशीनवर बघायची आणि मान डोलवायची.

गावात मात्र हा छाती काढून सांगायचा, "आमच्या येलावर आक्का उभी हाय." मला राग यायचा. एकदा पारावर चारचौघांत बोललो, "पावणं, गोळीचंबी नाव घ्या की जरा."

"घेतलं असतं," म्हणाला. "पर लई वाकडं नाव हाय तिचं."

एकदा हिनं लेण्याद्रीचा हट्ट धरला. लेकीच्या घरी गेलो होतो, तो बरोबरच होता. डॉक्टरनं चालायला, जिना चढायला बंदी केलेली नव्हती, वाकून ओझं उचलायला केलेली. पायथ्याला डोलीवाले मागं लागले. हा काठी घेऊन आडवा. "आमची बाई खुर्चीत बसत न्हाई."

"मी बसते हो," ही म्हणाली. "तुमी बसत न्हाई."

पण चढली आपल्या पायांनी. दहा पायऱ्या, थांबायचं. दहा पायऱ्या, थांबायचं. माकडांनी त्याच्या पिशवीतल्या वड्या पळवल्या. तो म्हणाला, बरं झालं, त्यांचीबी हाडं भरतील. वर पोचल्यावर ही गणपतीपुढं फार वेळ थांबली नाही. बाहेर कठड्याशी येऊन उभी राहिली, वारा खात. खाली जुन्नरची रानं हिरवीगार. म्हणाली, "एवढ्या वरनं बघितलं का आपुन लई उंच वाटतो." कमी झालेली बाई ती. मला गलबलून आलं, म्हणून मी माकडांना शिव्या घालत बसलो.

गेली ती एका सकाळी. अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. माझा सदरा तिच्या हातात होता. मी दारातच होतो. तिनं दोरी धरली, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि दोरीसकट खाली आली. मी पोचेपर्यंत संपलं होतं. मंचरच्या डॉक्टरनं सांगितलं हृदय बंद पडलं. हाडांचा काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी घोडनदीच्या काठी सावडायला गेलो. राख अजून पुरती निवाली नव्हती. भावकीतली माणसं पाणी मारून अस्थी वेचत होती. पावणा लांब उभा, काठीवर हनुवटी टेकून. मग तो पुढं आला आणि मला म्हणाला, "भाऊ, हात लावू?"

माझा चुलतभाऊ पुटपुटला, घरच्यांनीच वेचायच्या असतात. मी म्हणालो, "लावू द्या त्यांना."

तो उकिडवा बसला. राखेत कुठं काय असतं हे त्याला शोधावं लागलं नाही. त्यानं बोटांनी राख बाजूला केली आणि खुब्याचा गोळा बाहेर काढला, मांडीच्या हाडाच्या तुकड्यासकट. धोतरानं पुसला. उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवला, गोळ्याखाली हाडाची मान लागते तिथं अंगठा फिरवला. मग दुसऱ्या बाजूचा काढला. तोही तसाच बघितला.

"मोडला न्हाई," म्हणाला. "कुटं तडा बी न्हाई."

मला काय झालं ठाऊक नाही, पण मला भांडायचं होतं. मी म्हणालो, "तुमच्या येलानं न्हवं?"

तो मान खाली घालून बसला होता. "येल शिनोलीलाबी दिल्ता, भाऊ," म्हणाला. "कळप घिऊन जाताना, वर्सानुवर्सं. आक्काच्या आईला वाकताना बघितली, आन मीच वड्या दिल्या. मीच सांगितलं, डाक्टर नगं. मंग ती पडली. पुढल्या साली ग्येलो तर त्या खोलीतनं आवाज यायचा. मी वसरीवरनंच माघारी फिरलो." मग म्हणाला, "आक्काला ह्ये ठावं व्हतं. आईनंच सांगितलं व्हतं तिला. मला येका शब्दानं बोलली न्हाई कदी."

मलाही बोलली नव्हती. इतक्या वर्षांत.

भावकीतले हात थांबले होते. मी त्याच्याजवळ खाली बसलो. गुडघे करकरले, त्यानं बघितलं नाही.

"ती आडवी पडून न्हाई गेली, पावणं," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला, आणि खुबा माझ्या हातावर ठेवला. अजून कोमट होता. मी दोन्ही हातांत धरून बसलो. चुलतभाऊ मडकं पुढं करून उभा होता, पण त्याला थांबावं लागलं.